हस्त संपेपर्यंतचे टायर

"चालकाने चिखलाचा व पाण्याचा अंदाज न घेता वाहन नाल्यात घातले, त्यामुळे वाहनाचे नुकसान झाले."

हे वाक्य माझं आहे. ते लिहिलं तेव्हा मी पंचविशीत होतो, आज पंच्याऐंशीचा आहे. मधल्या काळात पुष्कळ काही विसरलो, पण या वाक्यातला एक शब्दही विसरता आलेला नाही. भाईदासदादांबद्दल आमच्या संघाच्या दप्तरात लिहिलेलं हे एवढंच, आणि ते खोटं आहे. ज्या माणसाने चिखलाचा अंदाज घेतल्याशिवाय कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्याबद्दल मी हे लिहिलं आणि त्याच्या हातातलं स्टिअरिंग कायमचं सुटलं.

तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा नव्हता, सगळं धुळ्यातच होतं. म्हसावदच्या बाजूला आमचा एक छोटा सहकारी संघ होता. त्याचं नाव लिहीत नाही, आता तो उरलेलाही नाही. डोंगराकडच्या पाड्यांवर मीठ, धान्य, रॉकेल पोचवायचं आणि येताना डिंक, चारोळी, भुईमूग घेऊन यायचं, हे त्याचं काम. त्यासाठी लष्करी लिलावातून घेतलेली एक पिकअप होती. पुढे दोघांपुरती जागा आणि मागे उघडा हौदा. लोक तिला 'संघनी डमनी', म्हणजे संघाची छकडी, म्हणायचे. मी संघात कारकून होतो, भांडार माझ्याकडे होतं. भाईदासदादा ड्रायव्हर होते.

उंच, काटक माणूस. रंग आमच्या काळ्या मातीचाच. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात खाकी शर्ट. लढाईच्या काळात ते ब्रह्मदेशात लष्कराच्या गाड्यांवर होते. तिकडच्या लढाईबद्दल विचारलं तर सांगायचे, "गोळ्या कमी दख्यात, चिखल जास्ती." बस, एवढंच. चिखलाबद्दल विचारलं तर मात्र तासभर बसवून ठेवायचे.

त्यांच्या वरच्या खिशात पेन असावं तसा एक लांब खिळा असे. गाडी संघाच्या आवारात येऊन थांबली की ते उकिडवे बसायचे आणि खिळ्याने टायरच्या फटींतून एकेक खडा काढायचे. चारही चाकांचे. मग स्टेपनीकडेही बघायचे, जणू तीही चालून दमली असेल. बैलाच्या खुरातला खडा काढताना शेतकरी जसा हलक्या हाताने काढतो, तसं ते काम चालायचं. कोणी म्हणालं, "दादा, उद्या पुन्हा अडकतीन," तर म्हणायचे, "तू उद्या पुन्हा जेवशीच ना? मंग आज ताट काबरं धोवस?"

आम्ही ऑफिसात बोलताना पुस्तकी मराठी बोलायचो. मी तळोद्याचा, घरी आईशी अहिराणीच बोलायचो, पण खुर्चीवर बसलं की जीभ आपोआप ताठ व्हायची. दादा त्याला 'छापील बोलनं' म्हणायचे. "भाऊसाहेब, तुमनं छापील बोलनं कागदवर ठेवा, माले तोंडवरनं सांगा." मी हसायचो, पण बदललो नाही.

संघात लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्याबरोबर डोंगराकडे जाण्याची वेळ आली. एका ठिकाणी रस्ता शेतातून वळवलेला होता. दादांनी गाडी थांबवली, खाली उतरले, चपला काढल्या आणि अनवाणी पंधरावीस पावलं चालून गेले. परत आले, एक पाय वर उचलून टाचेकडे बघितलं, मग दुसरा. मला वाटलं काटा रुतला.

"काय झालं?"

"काही नही. माटी इचारी ऱ्हायनू."

"मातीला काय विचारायचं?"

"धरस का सोडस ते. भाऊसाहेब, बूट काढा, तुम्हीन इचारा. बूटले काय समजस?"

मी बूट काढले नाहीत. ते मात्र समजावत राहिले. त्यांच्या लेखी जगात मातीचे दोनच प्रकार होते. एक धरणारी, दुसरी सोडणारी. पाय उचलल्यावर तीन पावलांत जी टाचेवरून गळून पडते ती सोडणारी. मुरूम असो, रेती असो, पांढरी असो, तिच्यात कुठलाही टायर चालतो. पण तापीच्या खोऱ्यातली काळी पावसात धरणारी होते. ती टाचेला चिकटते, तिच्यावर आणखी चिकटते, आणि दहा पावलांत माणूस चार बोटं उंच होतो. अशा मातीत टायरच्या फटी बारीक असल्या तर त्या भरून जातात. टायर नुसता फिरत राहतो, पुढे सरकत नाही.

म्हणून त्यांनी दोन जोड ठेवले होते. एक साधे, सडकेचे. दुसरे दाताचे. हे दात म्हणजे रबराच्या जाड, तिरप्या पट्ट्या, एकमेकींपासून चांगल्या हातभर नाही पण तळहाताएवढ्या लांब. चाक फिरलं की फटीतला चिखल आपणहून उडून बाहेर पडायचा. मागून चालणाऱ्याच्या अंगावर तो बसायचा, पण गाडी निघायची. हे दाताचे टायर दादा मृग लागण्याआधी चढवायचे आणि हस्त संपला की उतरवायचे. तारीख कधी बघितली नाही. पंचांग बघायचे. डोंगरातल्या दगडावर दातांच्या कडा तुटतात आणि डांबरावर ते भाकरीच्या तुकड्यासारखे झिजतात, म्हणून पाऊस गेल्यावर एक दिवसही ते गाडीवर राहू द्यायचे नाहीत. उतरवले की धुऊन, पुसून, भांडाराच्या कोपऱ्यात सावलीला उभे करून ठेवायचे. आडवे नाही. आडवे ठेवले तर रागवायचे.

एकदा वैशाखात नवे दाताचे टायर घ्यायला आम्ही दोघे धुळ्याला गेलो. दादांच्या हातात एक फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. मला वाटलं भाकरी. दुकानदार मोठा बोलका. त्याने आमच्यापुढे एक नवा टायर आणून ठेवला. त्याची नक्षी सुरेख होती, बारीक आणि दाट, पैठणीच्या काठासारखी.

"हा घ्या," दुकानदार म्हणाला, "नवीन आलाय. सर्वत्र चालतो. सडक म्हणा, शेत म्हणा, डोंगर म्हणा. दोन जोड ठेवायची भानगडच नको."

दादांनी टायरवरून अंगठा फिरवला, वास घेतला. "सर्वत्र म्हंजे कठे?"

"म्हणजे सगळीकडे."

"मन्हा नालामा का तुम्हना दुकानमा?"

दादांनी गाठोडं सोडलं. आत भाकरी नव्हती. म्हसावदची काळी माती होती, घरून भिजवून, ओल्या फडक्यात बांधून आणलेली. त्यांनी ती दुकानाच्या फरशीवर पसरली आणि तो सुरेख टायर तिच्यावरून तीनदा फिरवला.

"अहो, अहो, काय करता! फरशी!"

"फरशी मी पुशी देस. तुम्ही टायर दखा."

टायरची सगळी नक्षी मातीने बुजली होती. जणू कोणी गिलावा केला होता. मग त्यांनी दाताचा टायर मागवला आणि तोही तसाच तीनदा फिरवला. फटीतली माती ढेकळं होऊन खाली पडली. दुकानात आलेली दोनतीन गिऱ्हाइकं जवळ येऊन बघत होती. दुकानदार ओशाळून म्हणाला, "पण याने दोन्ही बाजूंचं काम होतं, दादा. सडक पण, चिखल पण."

"लगनमा दोन्ही बाजूना पाहुना ऱ्हास ना," दादा फरशी पुसता पुसता म्हणाले, "तो नुसता जेवाले उनेल ऱ्हास."

सगळे हसले, दुकानदारही. आम्ही दाताचेच टायर घेऊन आलो. येताना मी दुकानदाराने दिलेली छापील पुस्तिका मात्र बरोबर आणली. गुळगुळीत कागदाची, इंग्रजीत, रंगीत चित्रांची. त्यात त्या सुरेख नक्षीच्या टायरचं चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं की हा सगळ्या भूमीवर चालतो. ती मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. तिचा मला अभिमान वाटायचा, कारण ऑफिसात ती वाचू शकणारा मी एकटा होतो.

दादांच्या दाताच्या टायरांची कीर्ती पंचक्रोशीत होती. आषाढात एकदा गुजर मंडळींचं एक वऱ्हाड वाटेत अडकलं. लग्नाची तिथी उशिराची, वरून पाऊस, आणि भाड्याची मोटार रस्ता सोडून शेतात रुतलेली. दादांनी पिकअपला साखळी बांधली. मोटारीतली माणसं उतरली, नवरदेव उतरेना. त्याच्या पायात नवे पांढरे बूट होते.

दादा खिडकीशी जाऊन अदबीने म्हणाले, "नवरदेव, आज तुमनं वजन जरा जास्ती शे."

"मी नवरा आहे. मी कसा उतरू?"

"नवरीले उशीर व्हयना तर नवरा ऱ्हाशात का?"

नवरदेव बूट हातात घेऊन उतरला आणि सबंध वऱ्हाडासमोर घोट्याएवढ्या चिखलातून चालत गेला. मोटार निघाली. त्याच्या वडिलांनी दादांना जेवायला थांबण्याचा आग्रह केला. दादा म्हणाले, "आते नही. पयले टायर धोवाना शेत." आणि खरंच, विहिरीवर जाऊन ते टायर धूत बसले. वऱ्हाडातल्या बायकांनी मग तिथेच पत्रावळी पाठवली.

आमच्या संघाचे चेअरमन तापीकाठचे मोठे बागायतदार. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. वाईट माणूस नव्हे. फक्त त्यांना गाडीत बसून बोलायची फार आवड, आणि दाताचे टायर डांबरावर लागले की घूंऽऽ असा भुंग्यासारखा आवाज करायचे. शहाद्याकडच्या सडकेवर तेव्हा नुकतंच डांबर पडलं होतं. आप्पा वैतागायचे. "भाईदास, तुन्हा टायरना आवाजमा माले मन्हंच बोलनं आयकू येत नही!"

दादा समोर बघत म्हणायचे, "हो आप्पा." आणि उतरल्यावर मला हळूच, "भाऊसाहेब, दाताना हाऊ एक उपयोग तुमले म्या सांगाच नही."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

श्रावणात खान्देशात घरोघर कानबाई देवी बसते. दादांच्या घरी ती मोठ्या हौसेने बसवत. वर्षभरात एकही रजा न घेणारा हा माणूस कानबाईला मात्र तीन दिवस सुटी घ्यायचा. त्या वर्षीही त्यांनी ती घेतली. जाताना गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हस्त सरस तोवर टायरले हात लावू नका, भाऊसाहेब." मी हो म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी निरोप पाठवला की पुढच्या आठवड्यात त्यांना शहाद्याला बैठकीला जायचं आहे, बरोबर बाहेरचे पाहुणे असतील, टायरचा तो आवाज बंद करा. एवढंच. कुठला टायर घ्या हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. खणातली पुस्तिका काढली. एकाच जोडात दोन्ही कामं, आप्पाही खूश आणि पाडेही पोचतील. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. शहाद्याच्या एका दुकानातून मी ते सुरेख नक्षीचे टायर मागवले आणि बसवून घेतले.

एवढ्यावर थांबलो नाही. काढलेले दाताचे टायर भांडारात परत उभे करून ठेवले असते तरी पुढचं काही घडलं नसतं. पण आप्पांच्या भावाने तेव्हा नवी टायरगाडी केली होती. लाकडी चाकांऐवजी जुने रबरी टायर लावलेली बैलगाडी, त्या काळात ती मोठी मिरवायची वस्तू. तिला टायर हवे होते. मी आपणहून ते दाताचे टायर देऊन टाकले. मला कायम व्हायचं होतं. माझी नोकरी अजून वर्षाच्या कराराची होती.

दादा चौथ्या दिवशी आले. खिशातला खिळा काढून गाडीपाशी उकिडवे बसले आणि तसेच बसून राहिले. मी खिडकीतून बघत होतो. मग उठले, भांडाराच्या कोपऱ्यात जाऊन आले. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"दात कठे शेतस?"

मी सांगितलं. मला वाटलं चिडतील. पण त्यांना हसूच फुटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बैलगाडीले? भाऊसाहेब, बैलले खुर शेतस ना. गाडीले दात कसाले?" मग हसू ओसरलं. "माले दोन दिन द्या. मी ते मांगी आनस."

"आप्पांच्या भावाकडून परत मागायचे? कसं दिसेल ते?"

त्यांनी खिळा पुन्हा खिशात ठेवला आणि ते बाहेर गेले.

दोन दिवस मिळाले नाहीत. डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून दोघे पावरे आदिवासी आले. आठवड्यापासून मीठ नाही, धान्य संपत आलं. आकाश भरलेलं होतं. दादा म्हणाले, एक दिवस ऊन पडू द्या. मी म्हणालो, टायर नवे आहेत, आणि मी स्वतः बरोबर येतो. पोचल्याची सही तिथे घ्यायची होती. हौद्यात मिठाची आणि ज्वारीची पोती, त्यांच्यावर ते दोघे पावरे, आणि पुढे आम्ही दोघे, असे सकाळी निघालो.

पाड्याच्या अलीकडे एक नाला आहे. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, पण पलीकडचा चढ सगळा काळ्या मातीचा. दादांनी गाडी थांबवली, चपला काढल्या, नाला ओलांडून चढावर गेले आणि परत आले. या वेळी टाच बघितली नाही. बघायची गरज नव्हती. पाण्यातून परत येऊनही घोट्यापर्यंत माती त्यांच्याबरोबर चालत आली होती.

"माल आठेच उतारू. पाड्यावरनं मानसं बलावू. डोकावर नेतीन. आपन मांगे फिरू."

"सही तिथे घ्यायची आहे, दादा. आणि गाडी पोचली नाही तर आप्पांना काय सांगू? नव्या टायरची गाडी पोचली नाही म्हणून?"

"हा टायर धरनारी माटीना नही."

"पुस्तिकेत लिहिलंय..."

"पुस्तकले टाच शे का?"

मला राग आला. मी म्हणालो, गाडी पलीकडे घाला, ही माझी जबाबदारी. त्यांनी विचारलं, "लिखी देशात?"

"देतो. परत गेल्याबरोबर लिहून देतो. हुकूम माझा होता म्हणून."

त्यांनी मान हलवली. पण स्टिअरिंगला हात लावण्याआधी दोन्ही पावऱ्यांना खाली उतरवलं, मला उतरवलं, आणि मिठासकट अर्धी पोती अलीकडच्या खडकावर काढून ठेवायला लावली. ते सगळं होईपर्यंत पाण्याचा रंग बदलला होता. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला होता. एक पावरा ओरडून काही म्हणाला. दादांनी हात वर केला आणि गाडी घातली.

पाण्यातून ती नीट गेली. चढावर दोन हात वर सरकली आणि थांबली. चाकं फिरत होती, सुरेख नक्षी कुठेही दिसत नव्हती. टायर मातीने भरून लाटण्यासारखे गुळगुळीत झाले होते. गाडी हळूहळू मागे घसरली आणि पाण्यात बसली. दादा पुढे-मागे करत राहिले. मी अलीकडून ओरडत होतो, सोडा, बाहेर या. पाणी हौद्याला लागलं, मग दाराला. शेवटी त्यांनी खिडकीतून अंग बाहेर काढलं तोच गाडी कुशीवर पडली. त्या दोघा पावऱ्यांनी पाण्यात उड्या मारल्या नसत्या तर आज हे मी वेगळ्या तऱ्हेने लिहीत असतो. त्यांना बाहेर काढलं तेव्हा डावं मनगट वाकडं लोंबत होतं. ते खडकावर बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "मीठ भिजनं का?"

मीठ भिजलं नव्हतं. जे आधी उतरवलं होतं ते सगळं वाचलं. पाड्याला मीठ पोचलं. गाडी मात्र वाहत जाऊन पुढे दगडांत अडकली आणि दसऱ्याला आठ बैल लावून ओढावी लागली. तेव्हा मी बघायला गेलो होतो. टायरच्या फटींत माती वाळून विटेसारखी घट्ट बसलेली होती. तो पुरावा होता. तो वाचता येणारी माणसं संघात दोनच होती, आणि त्यातल्या एकाला तोवर काढून टाकलेलं होतं.

कारण अहवाल त्याआधीच गेला होता. परत आल्याबरोबर मी लिहून द्यायचं कबूल केलं होतं, आणि लिहिलंही. पण जे लिहिलं ते वर दिलंय. आप्पांनी मला बोलावून इतकंच विचारलं होतं, "पुढल्या महिन्यात तुमचं कायमचं ठरायचंय ना? मग कागद सरळ ठेवा." खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत. ते मी समजून घेतलं. अहवालात मी टायरबद्दल एक वाक्य घातलं, "वाहनास नवीन टायर बसविलेले होते." तेही खरंच होतं. एखादी खरी गोष्ट इतक्या खोटेपणाने लिहिता येते हे मला त्या दिवशी कळलं.

संचालकांची बैठक झाली. दादांना उभं केलं, हात गळ्यात बांधलेला. अहवाल वाचून दाखवला. एकाने विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या माणसाने आपलं सामान दुसऱ्याकडे ठेवायला दिलेलं असावं आणि आता ते परत मिळण्याची वाट बघावी, तसे ते बघत होते. म्हणाले, "भाऊसाहेब सांगतीन."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अहवालात आहे ते बरोबर आहे."

छापील बोललो.

त्यांना काढलं, आणि त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडला. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. तो शेरा वाचून कोणी त्यांना गाडी दिली नाही. एसटीत नाही, कारखान्यात नाही, आप्पांच्या भावाच्या ट्रॅक्टरवरही नाही. गावात लोक गमतीने म्हणायचे, पाणबुडी चालवणारा भाईदास. ज्या माणसाने वऱ्हाडं ओढून काढली त्याला पोरं हाक मारून विचारायची, दादा, आज कोणता नाला?

तीन वर्षांनी मी सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो होतो. घोड्यांचा बाजार पार करून पुढे आलो तर एका झाडाखाली ते बसलेले. पुढे जुन्या टायरचे तुकडे, हातात चांभाराची रापी. टायरच्या चपला करत होते. मनगट वाकडंच जुळलं होतं, पण रापी सफाईने चालत होती. शेजारी एक तरुण माणूस पट्ट्यांना खिळे ठोकत होता. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि दादा त्याला विचारत होते, "कठे चालस तू? शेतमा का बजारमा?"

"शेतमा. काळी शे मन्ही."

"मंग हाई नही, हाई ले. हिन्या फटी दख. माटी सोडी देई."

गिऱ्हाईक गेलं. दादांनी वर बघितलं. चेहरा उजळला, खरंच उजळला. "भाऊसाहेब! बठा, बठा. घोडा लेवाले उनात का?"

मी बसलो. पोरंबाळं, पाऊसपाणी, झालं सगळं. मग मी आवाज खाली आणून म्हणालो, "दादा, त्या दिवशी... चूक माझी होती. टायर मी बदलले. गाडी मी घालायला लावली. मी लिहून द्यायला हवं होतं."

ते ऐकत होते. रापी थांबली होती. मग त्यांनी खिळे ठोकणाऱ्या त्या तरुणाकडे मान केली. "भाऊसाहेब, जरा जोरमा सांगा. हाऊ मन्हा जवाई शे. त्याले आयकू द्या."

त्या तरुणाने हातोडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. आजूबाजूला दोनचार माणसं होती. त्यात आमच्या संघाचा एक सभासद होता, मला ओळखणारा. दादा वाट बघत होते. हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. फक्त वाट बघत होते, दुसऱ्यांदा.

मी म्हणालो, "काही नाही. जुनी ओळख आहे आमची."

जावयाने नमस्कार केला आणि पुन्हा ठोकायला लागला. दादांनी रापी पुन्हा चालवली. मग म्हणाले, "हो. जुनी शे." मी उठलो. नवं गिऱ्हाईक आलं होतं. दादांनी त्याचा पाय टायरच्या तुकड्यावर ठेवून घेतला, वाकड्या मनगटाने घोटा धरला आणि खडूने पावलाभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. मी बराच पुढे गेल्यावर वळून पाहिलं. त्यांनी मान वर केली नव्हती. रेघ टाचेपर्यंत आली होती, आणि ते त्या माणसाला सांगत होते, हालू नको.